गोल्फ खेळल्यावर डावा गुडघा दुखतो, उतारावर सटकल्यासारखा वाटतो. वय ५२, उजव्या हाताने खेळतो. नी-कॅप लावून खेळू की सोडून देऊ?

सोडू नका, पण नी-कॅपवर भिस्त पण ठेवू नका. मी काही डॉक्टर नाही, नाशिकचा आहे, वय ५८, आणि हाच डावा गुडघा धरून दोन वर्षं रडलोय. (नाशकात गोल्फ खेळतो म्हटलं की लोक विचारतात गोल्फ क्लबवर का, अहो ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, तिथे क्रिकेट आणि मॉर्निंग वॉक, गोल्फ फक्त नावात.)

आपल्यासारख्या उजव्या हाताच्या माणसाचा डावाच गुडघा का बोलतो, तर डाऊनस्विंगला, म्हणजे बॉल मारायला काठी वरून खाली आणताना, वजन सगळं डाव्या पायावर येतं आणि त्याच वेळी कंबर टार्गेटकडे फिरते, पण बूट स्पाइक्समुळे जमिनीत रुतलेला, मग तो पीळ जाणार कुठे? खुबा मोकळा असेल तर तो घेतो, नसेल तर गुडघ्यावर येतो, आणि गुडघा म्हणजे बिजागरी, वाकायला ठीक, फिरायला नाही.

मला फिजिओने खुर्चीत बसवलं, गुडघे जुळवून ठेवायचे आणि पावलं बाहेर न्यायची. उजवं आरामात गेलं, डावं चार बोटं जाऊन अडलं. दुखणं गुडघ्यात, भानगड खुब्यात! घरी करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

त्यानंतर मी डावं पाऊल टार्गेटकडे २०-३० अंश उघडून उभा राहायला लागलो. आधी शॉट मारला की डाव्या बुटाखाली गवत पिळवटून माती वर यायची, आता तेवढी येत नाही. सुरुवातीचे दोन आठवडे बॉल कुठेही जायचा, मित्रांनी यथेच्छ हसून घेतलं, ते सहन करा. बाकी खुब्याचं स्ट्रेचिंग, आणि एका पायावर हळूहळू पायरी उतरायची, दात घासताना एका पायावर उभं राहायचं, कंटाळवाणं आहे पण मांडी आणि कुल्ह्याच्या स्नायूंशिवाय गुडघ्याला धरणारं कोणी नाही. पांडवलेणीला जात असाल तर माहीत असेल, चढताना काही वाटत नाही, उतरताना कळतं. नी-कॅप ऊब देते, जरा धीर देते, बस.

मात्र तुमचं ते 'सटकल्यासारखं' मला खटकलं. गुडघा खरंच दगा देत असेल, सुजत असेल किंवा मध्येच अडकत असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी ऑर्थोपेडिककडे जा, लिगामेंट किंवा गादी फाटलेली असू शकते. टायगर वूड्सने २००८ चं यूएस ओपन फाटलेलं लिगामेंट आणि नडगीची फ्रॅक्चर्स घेऊन जिंकलं, तोही डावाच पाय, हे सगळे कौतुकाने सांगतात, पण त्यानंतर ऑपरेशन होऊन तो उरलेला सीझन घरी बसला हे कोणी सांगत नाही.

आणि बॅग खांद्यावरून नेत असाल तर ट्रॉली घ्या, निदान गुडघा बरा होईपर्यंत.