रोज मागवावे की घरी शिजवावे?

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करतो. चर्चगेटहून लोकलने कांदिवलीला घरी पोहोचेपर्यंत रात्रीचे साडेआठ वाजतात, त्यामुळे आठवड्यातून चार वेळा जेवण ॲपवरून मागवले जाते. ही सवय फार खर्चिक आहे का?

उत्तर : होय, आणि केवळ पदार्थ महाग असतात म्हणून नव्हे. ॲपवरील दर पुष्कळदा हॉटेलातल्या दरांहून चढे असतात; त्यावर ५ टक्के जीएसटी, पॅकिंगचे पैसे आणि घरपोच आणण्याचे शुल्क चढत जाते, म्हणून पैसे भरण्याआधी संपूर्ण बिल उघडून पाहावे. तरीही थकून आलेल्यांना रोज साग्रसंगीत स्वयंपाक करायला सांगणे मला अन्यायाचे वाटते, कारण तो भार बहुतेक घरांत एकट्या बाईवरच पडतो. मोड आलेली मटकी फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस सहज टिकते. कांद्याच्या फोडणीवर ती शिजेपर्यंत शेजारच्या कुकरमध्ये वरण-भात तयार होतो, आणि ताटे-पाणी घ्यायला दुसरा माणूस आहेच. पोळ्या मात्र जवळच्या पोळी-भाजी केंद्रातून आणाव्यात. घरी आल्याबरोबर त्या पिशवीतून काढून कापडावर पसराव्यात, नाहीतर वाफेने खालच्या दोन-तीन ओल्या होऊन चिकटतात. मागवण्यासाठी आठवड्यातला एक वार ठरवून ठेवावा आणि त्या दिवशी घरी सहज न होणारे, उदाहरणार्थ तंदुरी रोटी किंवा बिर्याणी, आवडीने मागवावे.