मुलगी किडनीच्या एमआरआयवर संशोधन करायचं म्हणते

प्रश्न : माझी मुलगी बायोमेडिकल इंजिनिअर झाली. शेवटच्या वर्षाला ८९ टक्के मिळाले. सॉफ्टवेअर कंपनीची नोकरी हातात आहे, महिनाभरात होकार कळवायचा आहे. ती सोडून तिला किडनीच्या एमआरआयवर पीएच.डी. करायची आहे. तीही नवीन काही शोधण्यासाठी नाही, तर वेगवेगळ्या स्कॅनरवरची मोजमापं एकसारखी यावीत म्हणून! मशीन कंपनी बनवते, बटण तंत्रज्ञ दाबतो, रिपोर्ट रेडिओलॉजिस्ट लिहितो. मग हिला काय उरतं? कृपया तिला समजावून सांगा. जाता जाता : मला स्वतःला पॉलिसिस्टिक किडनीचा, म्हणजे किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा, आजार आहे. माझ्यापायी तिने हा विषय घेतला असेल, तर ते मला नको आहे. – एक वडील

उत्तर : ‘जाता जाता’ म्हणून तुम्ही जे लिहिलंत, ते मी तीनदा वाचलं. टक्के, नोकरी, होकाराची मुदत हे सगळं वर आहे आणि ज्यासाठी हे पत्र लिहिलं गेलं ते तळाशी. आणखी एक गोष्ट खटकली, ती स्पष्टच सांगते. तुमच्या पत्रात मुलीच्या तोंडचं एकही वाक्य नाही. तिने हा विषय का घेतला, यावर तुम्ही ‘असेल तर’ म्हणून थांबलात. म्हणजे तुम्ही तिला विचारलेलं नाही. आणि न विचारताच तिला समजावण्याचं काम माझ्याकडे देताय. ते मी करणार नाही.

तुमचा आजार बहुधा अनुवंशिक, मोठ्या वयात लक्षात येणाऱ्या प्रकारातला असावा. त्यात प्रत्येक अपत्याला तो आजार येण्याची शक्यता ५० टक्के असते. हा आकडा तुम्हाला डॉक्टरांनी सांगितला असेल. या विषयाचं वाचन सुरू केलेल्या मुलीलाही तो ठाऊक असणारच. तुमच्या पत्रावरून वाटतं, की घरात दोघंही तो मनात घेऊन वावरता आहात आणि बोलत कोणीच नाही. ‘माझ्यामुळे तिचं आयुष्य वाकडं वळायला नको’ ही तुमची भीती मला कळते. पण नोकरीचं कारण पुढे करून तिला अडवलंत, तर तिला ऐकू येईल एवढंच, की बाबांना माझं काम कमी दर्जाचं वाटतं.

घरातल्या आजारपणामुळे एखाद्या विषयाकडे वळणं यात चूक काहीच नाही. किती तरी चांगले संशोधक असेच आले आहेत. मात्र पीएच.डी.ची चार-पाच वर्षं तेवढ्या एका कारणावर निघत नाहीत. रोजचं काम म्हणजे अनोळखी माणसांच्या प्रतिमा, कोड, तीच किडनी पुन्हा पुन्हा स्कॅन करणं, आणि दोन आकडे का जुळत नाहीत याचा माग काढणं. असा माग काढताना तिला भूक-तहान विसरायला होतं का, हे पाहा. होत असेल, तर मुळातलं कारण तुम्ही आहात की आणखी कोणी, याने फरक पडत नाही.

आता ‘हिला काय उरतं’ याबद्दल. एमआरआय म्हणजे फोटो, हा गैरसमज शिकल्यासवरल्या माणसांतही आहे. फोटोतला करडा रंग म्हणजे मोजमाप नव्हे. तोच करडेपणा दुसऱ्या यंत्रावर वेगळा येतो. तुमच्याच आजाराचं उदाहरण घ्या. गाठी वाढत असताना उरलेला चांगला भाग जादा काम करतो, म्हणून किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन वर्षानुवर्षं ठीकठाक दिसतं. किडनीचा आकार मात्र वाढत राहतो. अमेरिकेत ‘क्रिस्प’ नावाच्या अभ्यासात रुग्णांचे दरवर्षी एमआरआय केले गेले. २००६ साली आलेल्या निष्कर्षांत दोन्ही किडन्यांचं मिळून आकारमान वर्षाला सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास वाढताना दिसलं. आता विचार करा, एका वर्षीचा स्कॅन एका यंत्रावर झाला, पुढच्या वर्षीचा दुसऱ्यावर, आणि नुसत्या मोजण्याच्या पद्धतीमुळेच ५ टक्क्यांचा फरक पडला. आजार वर्षभर थांबला, असं वाटेल. किंवा दुप्पट वेगाने वाढला, असं. क्रिस्पमधल्या केंद्रांनी स्कॅन कसा घ्यायचा आणि प्रतिमा कशा मोजायच्या हे आधी एकत्र बसून ठरवलं होतं, म्हणून त्या ५ टक्क्यांवर विश्वास ठेवता आला. पुढे युरोपच्या औषध नियामकाने २०१५ मध्ये आणि अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, २०१६ मध्ये हे आकारमान औषधांच्या चाचण्यांसाठी रुग्ण निवडताना वापरायला मान्यता दिली. मापात पाप राहू नये, हे काम तुमची मुलगी करायला निघाली आहे. तुम्हाला एखादं औषध मिळतं, तेव्हा त्याच्या मागे अशीच मापं उभी असतात.

आणि आकारमान हे त्यातलं सोपं माप. किडनीतला रक्तप्रवाह, आतला ऑक्सिजन, ऊतकातली सूज किंवा कडकपणा हे एमआरआयने अजमावणं फार अवघड. श्वासाबरोबर किडनी वरखाली सरकते. स्कॅनआधी किती पाणी प्यायलं यावर आकडे बदलतात. दीड टेस्ला चुंबकशक्तीच्या यंत्रावर ऊतकाचा ‘टी-वन’ नावाचा जो आकडा मिळतो, तो तीन टेस्लाच्या यंत्रावर तोच येत नाही, आणि एकाच पद्धतीला प्रत्येक कंपनीने वेगळं नाव दिलेलं असतं. त्यातून २००६ मध्ये प्रतिमा ठळक दिसावी म्हणून देतात त्या गॅडोलिनियमच्या इंजेक्शनचा आणि किडनी निकामी झालेल्या रुग्णांतल्या त्वचेच्या एका गंभीर विकाराचा संबंध पुढे आला, आणि इंजेक्शनशिवायच्या पद्धतींची गरज आणखी वाढली. माणसाच्या किडनीतला ऑक्सिजन ‘बोल्ड’ नावाच्या एमआरआय पद्धतीने अजमावल्याचं १९९६ मध्ये छापून आलं. इतक्या वर्षांनंतरही ती तपासणी रोजच्या वापरात नाही. पद्धत आहे, सगळ्यांना मान्य असं माप नाही. युरोपात २०१७ ते २०२१ या काळात ‘पॅरेन्काइमा’ नावाच्या संशोधकांच्या जाळ्यातून याच कामाला हात घातला गेला. तज्ज्ञांची मतं फेऱ्याफेऱ्यांनी घेऊन २०२० मध्ये शिफारशी छापल्या गेल्या, नव्या मुलांसाठी प्रशिक्षण वर्ग झाले. ब्रिटनमध्ये ‘यूक्रिन-मॅप्स’ प्रकल्पाने तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्कॅनरवर एकच प्रोटोकॉल, म्हणजे स्कॅन घेण्याची ठरलेली रीत, बसवायला घेतला. शिफारशी कागदावर आल्या, तरी त्या समजून यंत्रावर उतरवणारे हात अजून थोडे आहेत.

वाटा नेहमीच्याच आहेत : मेडिकल फिजिक्स, बायोमेडिकल इंजिनिअरिंग, रेडिओग्राफी, किंवा एमबीबीएसनंतर रेडिओलॉजी वा नेफ्रॉलॉजी (किडनीविकारशास्त्र). तिची पदवी त्यात चपखल बसते, टक्क्यांचा प्रश्नच नाही. खरी अडचण अशी, की ‘किडनी एमआरआय’ हा विषय बहुतेक जण कोणाच्या तरी शेजारी, स्कॅनरसमोर बसूनच शिकतात. म्हणून विद्यापीठाच्या नावापेक्षा मार्गदर्शक पाहा. आठवड्याला स्कॅनरचे किती तास मिळतील? गटात एमआरआयचा भौतिकतज्ज्ञ आणि किडनीविकारतज्ज्ञ दोघंही आहेत का? त्याच माणसाचा स्कॅन पुन्हा घेऊन आकडे जुळतात का हे ते तपासतात का? कोड इतरांना खुला करतात का? स्कॅनरचे तास मिळणार नसतील, तर तिने सरळ नोकरी घ्यावी, असं मी तिलाही सांगेन. मिळणार असतील, तर नोकरी सोडावी. या क्षेत्रात कायमच्या जागा कमी आणि मुदतीची कामं जास्त, हे तिला माहीत असलं पाहिजे. पण प्रतिमांचं विश्लेषण, पायथनमधलं प्रोग्रॅमिंग आणि मोजमापातल्या चुकांचं संख्याशास्त्र शिकलेली मुलगी चार वर्षांनी रिकाम्या हाताने बाहेर पडत नाही. सॉफ्टवेअरचं दार तेव्हाही उघडं असेल.

यापुढचं तुम्हा दोघांत बोलायचं आहे, आणि ते तातडीचं आहे. अशा प्रयोगशाळांत नवा प्रोटोकॉल बसवताना निरोगी स्वयंसेवक लागतात, आणि पुष्कळदा विद्यार्थीच स्कॅनरमध्ये झोपतात. तुमच्या मुलीलाही कोणी तरी सहज विचारेल. तिच्या किडनीत गाठी असतील, तर त्या त्या दिवशी पडद्यावर दिसतील, सहकाऱ्यांच्या देखत, कसलीही तयारी नसताना. आपल्याला हे जाणून घ्यायचं आहे का, कधी, आणि कोणाकडून, हे तिनेच ठरवायचं आहे. आधी तुमच्या किडनीविकारतज्ज्ञांशी किंवा जनुकीय समुपदेशकाशी तिची भेट होऊ द्या. स्वयंसेवक व्हायला तिला नकार द्यावासा वाटला, तर तो कारण न देता देता येतो, हेही तिला कळू दे. स्कॅनमध्ये अचानक काही दिसलं तर काय करायचं, याचा नियम प्रयोगशाळेत आहे का, हे तिने प्रवेश घेण्याआधी विचारावं.

आज संध्याकाळी तिच्याजवळ बसा. तो ५० टक्क्यांचा आकडा पहिल्यांदा तुम्ही उच्चारा, म्हणजे तिला तो एकटीने उचलावा लागणार नाही. मग ती काय बोलते ते ऐका. कंपनीला कळवायला महिना आहे.