बोस्नियातल्या साराएव्होत खायला जातोयस तर

अरे, बाश्चार्शियात, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारात, रोज नवं हॉटेल शोधत फिरू नकोस. पहिल्या दिवशी जिथलं आवडलं तिथेच परत जा; दुसऱ्या खेपेला मालक ओळखीचं हसतो, तिसऱ्या खेपेला 'काय देऊ' विचारतही नाही. चेवापी, म्हणजे खिम्याचे भाजलेले छोटे रोल, ५ किंवा १० नग मिळतात. ५च सांग, सोमून पावानेच पोट भरतं. सोबत कच्चा कांदा आणि कायमाक, म्हणजे आपल्या सायीचा आंबूस भाऊ. मांस बहुधा गाईचं असतं, चालत नसेल तर आधीच विचार. शाकाहारासाठी झेल्यानित्सा माग, म्हणजे पातळ पिठाच्या पापुद्र्यांची भाजलेली गुंडाळी, पालक-चीजची. तशाच गुंडाळीला नुसतं 'बुरेक' म्हटलंस की आत मांस येणार (मी फसलोय). शेवटी तांब्याच्या जेझव्यातली, म्हणजे लांब दांड्याच्या छोट्या भांड्यातली कॉफी. साखरेचा खडा तीत टेकवून दातात धर, मग घोट घे. तळाचा गाळ तेवढा पिऊ नकोस.