पुण्याच्या शनिवार-रविवारच्या रेसचा निकाल नंतर कसा वाचायचा? सहापैकी तीन घोडे लागूनही माझे पैसे कसे गेले?

तुम्ही लिहिलंय की दोन दिवसांत सहा रेसना टोटवर (क्लबची पैज-खिडकी, जिथे सगळ्यांच्या जमा पैशातून जिंकणाऱ्यांना वाटप होतं) शंभर-शंभर विन, म्हणजे घोडा पहिला येईल या पैजेवर, लावले, तीन घोडे पहिले आले, डिव्हिडंड (जिंकल्यावर परत मिळणारी रक्कम) १४, १८ आणि २२ मिळाले, तरी खिसा हलका. शिवाय पुढच्या आठवड्यात काय खेळू, असंही विचारलंय. आधी पैशाचं बघू, कारण तिथेच बहुतेक जण स्वतःला फसवतात.

टोटचा डिव्हिडंड दहा रुपयांवर छापतात आणि तुमचे दहा त्यातच धरलेले असतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर ४० टक्के जीएसटी आहे. त्याआधी २८ होता. म्हणजे शंभराची पैज एकशेचाळीसला पडते. सहा पैजांचे ८४० गेले. परत आले १४०, १८० आणि २२०, म्हणजे ५४०. तीनशे रुपये गेले, आणि तेही निम्मे घोडे लागून! १४ वाल्यानं तुम्हाला फक्त भांडवल परत दिलं. त्यानं १३ दिले असते तर घोडा जिंकून तुमचेच दहा रुपये गेले असते. त्यामुळे रविवारी संध्याकाळी एम्प्रेस गार्डनच्या बाजूला पार्किंगमध्ये जे ऐकू येतं ना, ‘आज फेव्हरिटांचा (ज्यांच्यावर सगळ्यांत जास्त पैसे लागतात त्या घोड्यांचा) दिवस होता’, त्याला काही अर्थ नाही. दिवस फेव्हरिटांचा असेल, खेळणाऱ्याचा नव्हता. घोडा दोनातून एकदा जिंकेल असं वाटत असेल तर डिव्हिडंड २८ च्या वर हवा. तिनातून एकदा वाटत असेल तर ४२ च्या. हा आकडा रेसच्या आधी रेसच्या छापील पुस्तकात घोड्याच्या नावापुढे पेन्सिलीनं लिहा. नंतर लिहिलेला आकडा नेहमी बरोबर असतो.

आता निकाल. जिंकलेल्या घोड्याकडे सगळेच बघतात, म्हणून त्यात स्वस्त काही उरत नाही. दुसरा, तिसरा, चौथा कसा आला ते बघा. समजा १२०० मीटरच्या हॅन्डिकॅपमध्ये (चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देतात अशा रेसमध्ये) पहिला ५४ किलोवर दोन लेंथनं, म्हणजे दोन घोड्यांच्या लांबीनं, जिंकला आणि दुसऱ्याच्या पाठीवर ५८ होते. १२०० ला एक लेंथ म्हणजे ढोबळमानानं सव्वा किलो वजनाचा फरक (१६०० ला एका किलोच्या थोडं आत, त्यापुढे आणखी कमी). दोन लेंथचे अडीच किलो झाले. दुसरा मात्र चार किलो जास्त घेऊन धावला होता. म्हणजे समान वजनावर तो दीड किलोनं सरस. आता हॅन्डिकॅपर, म्हणजे वजनं ठरवणारा अधिकारी, जिंकलेल्याचं रेटिंग (घोड्याच्या कुवतीचा आकडा, त्यावरून वजन ठरतं) सहानं वाढवतो. एक पॉइंट म्हणजे अर्धा किलो, तेव्हा त्याच्यावर तीन किलो चढले. दुसऱ्याचं रेटिंग तसंच राहिलं तर पुढच्या भेटीत दोघांत फरक उरतो एका किलोचा, आणि दुसरा सरस आहे दीड किलोनं. पारडं हरलेल्याकडे झुकलं. गर्दी मात्र जिंकलेल्याच्याच मागे असणार.

आमच्या कंपूत ‘पहिला तो पहिला, बाकी सगळं गणित’ असं ऐकवणारे एक ज्येष्ठ आहेत, त्यांच्यासाठी वरचा परिच्छेद मुद्दाम सविस्तर लिहिलाय.

हे गणित कुठे फसतं? जिंकणाऱ्या जॉकीनं शेवटच्या शंभर मीटरला घोडा दामटणं सोडलं असेल तर दोन लेंथ खोट्या. त्या चारही झाल्या असत्या. मागच्या बाजूलाही तेच. पाच-सहा लेंथनं मागे पडलेल्या घोड्याला जॉकी दामटत नाही, म्हणून त्यापुढचं अंतर मोजूच नका. ॲप्रेंटिसची, म्हणजे शिकाऊ जॉकीला मिळणारी, वजनाची सूट घेऊन घोडा तीन किलो हलका धावला असेल आणि पुढच्या वेळी अनुभवी जॉकी बसणार असेल तर ते तीन किलो परत येतात. आणि चौथ्या क्लासमध्ये (क्लास म्हणजे रेटिंगप्रमाणे पाडलेला गट, पाचवा सगळ्यांत खालचा) ६० किलोवर जिंकलेला घोडा तिसऱ्या क्लासमध्ये ५१ वर दिसला की ‘नऊ किलो उतरले’ म्हणून नाचणाऱ्यांना हात जोडावेत. उतरलं काही नाही, समोर जास्त रेटिंगचे घोडे आलेत.

पुण्याचा सीझन पावसाळ्यातला, म्हणून घोड्यांनी शनिवारी आणि रविवारी धावायला घेतलेली वेळ एका तराजूत घालू नका. रात्री सर आली की ट्रॅक बदलतो. जमिनीचा मऊपणा मोजणाऱ्या पेनेट्रोमीटरचा आकडा दोन्ही दिवसांचा लिहून ठेवा. आकडा मोठा म्हणजे जमीन मऊ. वेळेची तुलना त्याच दिवशीच्या, त्याच अंतराच्या दुसऱ्या रेसशीच करायची. पाचव्या क्लासच्या घोड्यानं तासाभरापूर्वी तेवढ्याच वेळात १२०० मारले असतील तर तुमच्या तिसऱ्या क्लासच्या विजेत्याचं कौतुक आवरा. आतल्या रेलजवळची जमीन उखडली की जॉकी बाहेरून यायला लागतात. त्या दिवशी आतून लढत चौथा आलेला घोडा कागदावर दिसतो त्यापेक्षा बरा असतो. रिप्लेत हे दोन मिनिटांत कळतं, पण तो एकदा तरी फक्त त्या एकाच घोड्यावर नजर ठेवून बघावा लागतो.

मग येतो ‘घोडा ओढला’, म्हणजे जॉकीनं मुद्दाम मागे ठेवला, हा राष्ट्रीय आरोप. स्टुअर्ड्सचा, म्हणजे रेसवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांचा, अहवाल वाचत चला. बहुतेक वेळा कारण अगदी नीरस निघतं: गेटमधून उशिरा सुटला, वळणावर धक्का बसला, खोगीर सरकलं, नाकातून रक्त आलं. पहिली तीन कारणं म्हणजे पुढच्या वेळी चांगला भाव, म्हणजे जास्त डिव्हिडंड, मिळण्याची शक्यता. रक्त आलं असेल तर लांब राहा. सगळं नेहमी स्वच्छच असतं असं माझं म्हणणं नाही. पण पैसे गेले म्हणून ओढला, हे कारण होत नाही.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. वजनाचं हे गणित हॅन्डिकॅपलाच लागतं. पुणे डर्बीसारख्या रेसला रेटिंगप्रमाणे वजन नसतं, आणि तिथे १६०० पर्यंतच धावलेला घोडा २००० ला टिकेल का, हा प्रश्न मोठा. जॅकपॉट (लागोपाठच्या अनेक रेसचे विजेते ओळखायची पैज) लागला आणि एका तिकिटावर दहा हजारांहून जास्त जिंकलात तर जिंकलेल्या सगळ्या रकमेतून ३० टक्के कर कापूनच हातात येतात, आणि वर्षभराचे हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत. ‘फोनवर घ्या, टॅक्स नाही’ म्हणणाऱ्या बाहेरच्या बुकीकडे तिकीटही नसतं, तेव्हा तो उठून गेला की दाद कुठेच मागता येत नाही. शिवाय ते बेकायदा.

पुढच्या शनिवारी काय खेळू, याचं उत्तर मी देणार नाही. कार्ड, म्हणजे रेस आणि घोड्यांची यादी, हातात आलं की गेल्या दोन दिवसांतले दुसरे-तिसरे आलेले घोडे त्यात शोधा, नवं वजन बघा, पेन्सिलीनं आकडा लिहा. बहुतेक रेसना टोटचा भाव त्या आकड्याच्या खालीच असेल. त्या रेसना चहा प्या.