शंभर वर्षांचे रिव्हॉल्व्हर आणि परवान्याचा प्रश्न

प्रश्न : मी कोरेगाव तालुक्यात राहतो. माझे आजोबा ब्रिटिश काळात सैन्यात सुभेदार होते. वडिलांच्या निधनानंतर माळ्यावरची लोखंडी ट्रंक उघडली असता तीत दोन रिव्हॉल्व्हर, पाच काडतुसे आणि आजोबांच्या नावचा जुना परवाना सापडला. जुन्या शस्त्रांचा मला नाद असल्याने मी त्यांची ओळख पटवली आहे. एक वेब्ली मार्क ६ असून त्यावर १९१७ हे साल आहे. दुसरे त्याहून जुने, ठासणीचे आहे. त्याचा घोडा गायब असून सिलिंडर गंजून घट्ट बसले आहे. दोन्ही शंभर वर्षांहून जुनी असल्याने ती पुरातन वस्तू ठरतात आणि परवाना लागत नाही, असे मला सांगण्यात आले. पुण्याचा एक संग्राहक वेब्ली विकत घ्यायला तयार आहे. मी काय करावे?

उत्तर : शस्त्रांच्या ओळखीबाबत आपण पत्रासोबत पाठवलेले टिपण मी लक्षपूर्वक वाचले. ओळख बहुधा बरोबर आहे. मार्क ६ हे वेब्ली या ब्रिटिश कंपनीचे मॉडेल मे १९१५ मध्ये ब्रिटिश सैन्यात स्वीकारले गेले; सहा इंची नळी आणि चौकोनी बुडाची मूठ ही त्याची खूण, कारण त्याआधीच्या मार्कांची, म्हणजे आवृत्त्यांची, मूठ पक्ष्याच्या चोचीसारखी वळलेली असे. १९२१ पासून हेच मॉडेल एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात तयार होऊ लागले, त्यामुळे वेब्लीचे नाव आणि १९१७ हे साल एकमेकांशी जुळते. मात्र शस्त्रावर उमटवलेल्या बाणाग्राच्या (बाणाच्या टोकाच्या) खुणेवरून आपण टिपणात ते सरकारी कारखान्यात बनल्याचा जो निष्कर्ष काढला आहे, तो बरोबर नाही. ती खूण सरकारी मालकीची आहे, निर्मितीची नव्हे. शस्त्र सेवेतून अधिकृतपणे बाहेर काढले असेल, तर टोकाला टोक लावलेले दोन बाण उमटवलेले असतात. भिंगातून ते पाहून घ्या, कारण कागदोपत्री सर्वांत अडचणीचा प्रश्न हाच असेल, की सरकारी मालकीचे शस्त्र आपल्या घरी आले कसे. जोड-बाण असतील आणि आजोबांच्या परवान्यावरील क्रमांक शस्त्रावरील क्रमांकाशी जुळत असेल, तर या प्रश्नाचे उत्तर आपल्याजवळ आहे.

आता आपल्या मूळ समजुतीकडे येतो. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ (क) मध्ये जुन्या घडणीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा मोडक्या शस्त्रांना सूट आहे, हे खरे. परंतु त्याच वाक्यात पुढे अशी अट आहे, की ते शस्त्र दुरुस्तीसह किंवा दुरुस्तीविना अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नसावे. लोक पहिला अर्धा भाग वाचतात आणि थांबतात. आपले वेब्ली, आपणच टिपणात लिहिल्याप्रमाणे, सहज उघडते, सिलिंडर फिरते आणि चाप ओढला की घोडा पडतो. ते १९१७ चे असो वा १८८७ चे, या कलमाचा लाभ त्याला मिळणार नाही. ठासणीच्या शस्त्राबाबत आपली बाजू बळकट आहे, परंतु घोडा नसणे एवढेच पुरेसे नाही, कारण घोडा नव्याने बसवता येतो. ते कायमचे निकामी आहे, हा निष्कर्ष पोलिसांच्या शस्त्रागारातील आर्मररचा (शस्त्र-तंत्रज्ञाचा) किंवा न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेचा हवा. आपला किंवा माझा चालणार नाही.

'क्युरिओ', म्हणजे संग्रहमूल्य असलेल्या जुन्या वस्तूंच्या, वर्गातील लहान शस्त्रे नुसती बाळगण्यासाठी भारतीय नागरिकाला परवाना लागणार नाही, अशी तरतूद २०२० मध्ये शस्त्र नियमांत आली. कदाचित आपल्याला कोणी तेच सांगितले असावे. तिचा आधार अर्जात अवश्य घ्यावा, पण तिच्या भरवशावर शस्त्र कपाटात ठेवून गप्प बसू नये. वापरणे, जवळ घेऊन फिरणे आणि वाहतूक करणे यांना परवाना लागतोच, आणि आपल्या घरातील वस्तू त्या वर्गात बसते की नाही, हे आपण स्वतः ठरवून मोकळे होणे धोक्याचे आहे. त्यातच आपल्या वेब्लीसारखे .४५५ बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या आतील व्यास) रिव्हॉल्व्हर सर्वसाधारण परवान्याच्या वर्गात येत नाही. त्याचा निर्णय केंद्रीय गृह मंत्रालयाच्या पातळीवर होतो. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कारावास आहे. प्रतिबंधित शस्त्र ठरल्यास हीच शिक्षा सात ते चौदा वर्षांपर्यंत जाते. आपले शस्त्र यांपैकी कोणत्या रकान्यात बसते, हा वाद न्यायालयात घालण्याची वेळ येऊ नये, हाच माझ्या सल्ल्याचा हेतू आहे.

येथे आपल्या अभ्यासाची दुसरी बाजू सांगणे भाग आहे. गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (१९७२) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ताब्यासाठी जाणीव आणि नियंत्रण आवश्यक मानले आहे. ट्रंक बंद होती तोवर आपला ताबा जाणीवपूर्वक नव्हता, असे म्हणता येईल. ट्रंक उघडून, खुणा टिपून आणि छायाचित्रे काढून झाल्यावर मात्र 'मला माहीत नव्हते' हा बचाव उरत नाही. म्हणून यापुढचा प्रत्येक दिवस महत्त्वाचा आहे.

शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ नुसार, ज्याचा ताबा कोणत्याही कारणाने कायदेशीर राहिलेला नाही, असे शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा विहित अटींवर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. ते मोटारसायकलच्या डिकीत टाकून ठाण्यात नेऊ नका. वाटेत नाकाबंदी लागली, तर खुलासा रस्त्यावर द्यावा लागेल. आधी ठाणे अंमलदारांकडे लेखी अर्ज द्यावा, त्यात शस्त्रे केव्हा व कशी सापडली हे लिहावे, दोन्ही शस्त्रांचे क्रमांक व काडतुसांची संख्या नमूद करावी, पोलिसांनी घरी येऊन पंचनाम्याने ती ताब्यात घ्यावीत अशी विनंती करावी आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोहोच घ्यावी. काडतुसे विसरू नका. त्यांचा गुन्हा वेगळा होतो. तोवर शस्त्राला काहीही करू नका. गंज काढताना क्रमांक घासला गेला, तर शस्त्रावरील ओळखखुणा पुसण्यास मनाई करणारे कलम ८ आड येते, आणि शस्त्र निकामी करण्यासाठी लोहाराकडून नळीला भोक पाडून घेण्याचा जो विचार आपण लिहिला आहे, तो तर पूर्णपणे सोडून द्या.

जमा केल्याने मालकी जात नाही. वारसाहक्काने परवाना मागण्याची सोय शस्त्र नियम, २०१६ च्या नियम २५ मध्ये आहे. वारस दाखला आणि इतर वारसांचे ना हरकत पत्र जोडून जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत अर्ज करावा. वडिलांनी परवाना आपल्या नावावर केलेला दिसत नाही, त्यामुळे मधल्या काळाचा खुलासा मागितला जाईल. तो सरळ द्यावा. वेब्लीचा परवाना मिळेल, असे आश्वासन मी देऊ शकत नाही. बोअर पाहता शक्यता कमीच आहे. ठासणीच्या शस्त्रासाठी मात्र कलम ४५ (क) चा स्वतंत्र अर्ज करून तपासणीची मागणी करावी, आणि आपले टिपण तेथे जरूर जोडावे.

पुण्याच्या संग्राहकाशी व्यवहार आता करू नये आणि विसारही घेऊ नये. जमा केलेले शस्त्र मुदतीत विकण्याचा हक्क कलम २१ देते, परंतु तेही ते बाळगण्यास पात्र असलेल्या व्यक्तीलाच. त्यांच्या परवान्यात हे बोअर नमूद असल्याची प्रत त्यांनी दाखवली, तरच पुढची बोलणी करावीत.