रिव्हॉल्व्हरची फ्रंट साइट गनस्मिथने वाकडी बसवली, आता पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा होता: टेक्सासमध्ये राहतो, सेकंडहँड स्मिथ अँड वेसन ६८६, ४ इंची बॅरल. लोकल गनस्मिथकडून (बंदूक दुरुस्त करणारा) फायबर ऑप्टिकची फ्रंट साइट, म्हणजे नेम धरायचं पुढचं ब्लेड ज्यात चमकता ठिपका दिसतो, बसवून घेतली. आता १५ यार्डवर गोळ्या ४ इंच खाली आणि डावीकडे लागतात, मागची साइट पार वर आणि पार उजवीकडे नेऊन झाली, समोरचं ब्लेड उजवीकडे कललेलं दिसतं. तो म्हणतो परत आणा, थोडी कानस मारून देतो. देऊ का?

कानस मारायला अजिबात देऊ नका. त्याचं लॉजिक चूक नाहीये, गोळी खाली लागते म्हणजे पुढचं ब्लेड उंच आहे आणि ते कमी केलं की गोळी वर येणार, साधं काळं लोखंडी ब्लेड असतं तर मीही म्हणालो असतो घासू दे. पण तुमच्या ब्लेडमध्ये वर फायबरची नळी आहे. वरून घासत गेलात की नळीवरचं लोखंड पातळ होत होत शेवटी भोकच उघडं पडतं, आणि पैसे ज्यासाठी दिले तो ठिपकाच जातो. शिवाय कललेलं ब्लेड घासलं तर ते बुटकं होईल पण राहील कललेलंच.

आता राग मानू नका, पण उजव्या हाताने मारणाऱ्याचं खाली-डावीकडे जाणं म्हणजे बऱ्याचदा ट्रिगरला दिलेला हिसकाच असतो. त्यामुळे दुकानात भांडायला जायच्या आधी रेंजवर वाळूच्या पिशवीवर टेकवून, हॅमर मागे ओढून सिंगल ॲक्शनमध्ये मारून बघा, आणि दुसऱ्या एखाद्या चांगल्या नेमबाजाला मारायला लावा. अम्युनिशन १५८ ग्रेनची घ्या (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप). रिव्हॉल्व्हरमध्ये हलकी गोळी लवकर बाहेर पडते, रिकॉइलने बॅरल वर उचलायच्या आधीच, म्हणून ११० किंवा १२५ ग्रेनची गोळी खाली लागते आणि जड गोळी वर. निम्मा प्रॉब्लेम इथेच सुटला तर चांगलंच आहे.

पण ब्लेड डोळ्याला कललेलं दिसतंय म्हणजे काहीतरी आहेच. पुढची साइट उलट चालते, तिचं टोक उजवीकडे गेलं की गोळी डावीकडे जाते, म्हणजे तुमचं वर्णन बरोबर जुळतंय. आता सिलिंडर उघडा, सगळी घरं रिकामी आहेत हे दोनदा बघा आणि मागून बॅरलच्या वरच्या पट्टीकडे बघा. पट्टी फ्रेमच्या वरच्या भागाशी सरळ आहे आणि फक्त ब्लेड कललंय, तर ते बसवणाऱ्याचं काम. पट्टीच तिरकी असेल तर बॅरल आटे आवळताना कमीजास्त फिरलंय, त्यात या बिचाऱ्याचा काही दोष नाही, पण मग ते काम त्याच्याकडे देऊ पण नका. त्या कामाला बॅरलचा व्हाइस आणि त्या फ्रेमच्या मापाचा पाना लागतो, नाहीतर हातोड्याचा दांडा फ्रेममध्ये घालून पिळणारे महाभाग आहेत आणि तशी पिळलेली फ्रेम गेली ती गेली.

ब्लेडचाच प्रॉब्लेम असेल तर भिंगातून आडव्या पिनेकडे बघा. ब्लेड खाचेत बसतं आणि आरपार पिन जाते, काही ब्लेड भोक न पाडताच येतात आणि बसवणाऱ्याने जागेवर मापून ड्रिल करायचं असतं. माझ्या एका गनला इथल्याच एका दुकानदाराने ते भोक तिरकं पाडलं, पिन चुकीच्या पंचने ठोकून तिचं डोकं मशरूमसारखं पसरवलं आणि राहिलेल्या फटीत लाल लॉकटाइट (स्क्रू पक्के करायचा गोंद) भरून दिलं, वर बिल लावलं फुल. अशा फटीत नखाचं टोक जातं. तुमच्याकडे हे दिसलं तर जवळून फोटो काढून ठेवा.

मग मागची साइट मधोमध आणा, दोन्ही स्क्रू, आणि परत मारा. हे लोक विसरतात. आत्ताचे ४ इंच हे साइट पार वर नेऊन आलेत, खरा फरक त्याहून जास्त आहे. समजा ६ इंच निघाला. दोन्ही साइट्समधलं अंतर मोजा, सोयीसाठी ६ इंच धरू. ६ गुणिले ६, भागिले ५४० (१५ यार्डचे इंच), म्हणजे ०.०६७ इंच, पावणेदोन मिलीमीटरच्या आसपास. एवढं बुटकं नवीन ब्लेड मागवायचं, ब्लेड वेगवेगळ्या उंचीचे मिळतात.

तुमच्या गनस्मिथला हेच सांगा, शांतपणे आणि लेखी, ईमेलवर: हा टार्गेटचा फोटो, हा पिनेचा फोटो, या उंचीचं नवीन ब्लेड तुमच्या खर्चाने सरळ बसवून द्या किंवा पैसे परत द्या. एक चान्स द्यायचा. हा धंदा करायला त्याच्याकडे फेडरल लायसन्स हवंच, आणि गन त्याच्याकडे रात्रभर राहणार असेल तर तिची नोंद त्याच्या रजिस्टरला व्हायला हवी, तुम्हाला परत देताना मात्र नवीन बॅकग्राउंड चेक लागत नाही. नाहीच ऐकलं तर कार्डाने पैसे दिले असतील तिथे डिस्प्यूट टाका, म्हणजे पैसे परत मिळायची तक्रार करा. टेक्सासच्या जस्टिस कोर्टात (छोट्या दाव्यांचं कोर्ट) २०,००० डॉलरपर्यंतचे दावे वकिलाशिवाय चालतात, पण ब्लेडसाठी एवढं कोण करणार, तुम्हीच ठरवा.

कंपनीकडेही पाठवता येतं. कस्टमर सर्व्हिसला फोन करून आधी विचारा, दुरुस्त झालेली गन ते थेट तुमच्या घरी पाठवू शकतात. सेकंडहँड आहे आणि बाहेरच्याने हात लावलाय, त्यामुळे फुकट होईल असं धरून चालू नका. बॅरल फिरलेलं निघालं तर मी तरी सरळ कंपनीकडेच पाठवेन.