सोलापुरात विद्यापीठ आणि वस्ती मिळून आरोग्याचं संशोधन करायचं, तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की विडी कामगार बायकांच्या श्वसनाच्या आजारांवर प्रकल्प करायचाय, विभागाचा होकार आहे, प्रश्नावलीही तयार आहे, आता वस्तीतला भागीदार कसा शोधू. माझं ऐकाल तर प्रश्नावली थोडे दिवस कपाटात ठेवा. ती घेऊन वस्तीत गेलात तर घरं दाखवणारं माणूस मिळेल, भागीदार मिळणार नाही.

मी सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे विडी कामगारांच्या तेलुगू बोलणाऱ्या वस्तीत वाढले, समाजकार्य शिकले आणि बरीच वर्षं आरोग्याच्या सर्व्हेंसाठी घरोघर फिरले. अगदी पहिल्या कामात आम्ही बायकांचं हिमोग्लोबिन तपासत होतो. एक अक्का उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन बसल्या होत्या. माझ्या प्रश्नांना उत्तरं देत होत्या, पण हात थांबत नव्हते: पान, चिमूटभर तंबाखू, वळण, दोरा. बोट पुढे करा म्हटल्यावर मात्र थांबल्या. "मागच्या साली पण पोरी आल्या होत्या, रक्त नेलं. त्याचं काय निघालं गं?" मला माहीत नव्हतं. वाईट हे की आमच्याही वेळी तेच झालं. अहवाल छापला गेला, अक्कांच्या घरी साधी चिठ्ठीसुद्धा गेली नाही.

म्हणून सुरुवात इथून करा: त्या वस्तीत आजवर कोणकोण काय तपासून गेलं ते आधी विचारा, आणि त्यातलं जे हाती लागेल ते सोप्या भाषेत परत नेऊन द्या. जुनं देणं फेडायला आलेला माणूस म्हणून तुमची ओळख झाली की पुढचं बोलणं वेगळं होतं. पुढच्या एका कामात आम्ही तपासणीचा आकडा त्याच दिवशी कागदावर लिहून द्यायचो आणि ज्यांचं रक्त फार कमी त्यांच्यासोबत सिव्हिलला जायचो. त्या गल्ल्यांत दुसऱ्या फेरीला कुणी दार लावून घेतलं नाही.

हे जमतं का, अशी शंका असेल तर लांब जायला नको. सोलापूरपासून सुमारे ७० किलोमीटरवर बार्शीत १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यातली बाई दवाखान्यापर्यंत पोचतच नसेल, तर दवाखान्यातले कागद गोळा करून हाती काय येणार? म्हणून तिथले कार्यकर्ते बार्शी, भूम, परांड्याच्या गावांत जाऊन लोकांशी बोलायचे, लक्षणं समजावायचे, संशय असलेल्याला तपासणीला आणायचे. नोंद आणि मदत एकाच फेरीत. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीच्या टप्प्यावर येऊ लागल्या. त्याच पायावर पुढे उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत, एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) चाचणी एकदाच केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे होते. तुलनेसाठी ठेवलेल्या गटाला तपासणी दिली नव्हती, यावर पुढे कडक टीकाही झाली. ती टीका मला पटते, आणि तुमच्या प्रकल्पात तुलनेचा गट असेल तर त्या बायकांना काय मिळणार हे त्यांच्यासमोर बसून ठरवा.

आता इथल्या गोष्टी. संमतीपत्राचं तेलुगू भाषांतर करून घ्याल आणि काम झालं असं समजाल. पूर्व भागात घरात तेलुगू बोलणाऱ्या कितीतरी बायका शाळेत मराठी शिकल्यात. तेलुगू लिपी त्यांना वाचता येत नाही, आणि थोरल्या बायकांना कुठलीच येत नाही. तेव्हा कागद मराठीत ठेवा, तेलुगूत बोलून समजावा, आणि जिला वाचता येत नाही तिच्यासाठी निःपक्ष साक्षीदार बसवा. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतही साक्षीदाराचं सांगितलंय. समजावणारी बाई त्याच वस्तीतली असावी, तिला मानधन असावं, आणि तिचं नाव अहवालात यावं.

वेळेचंही पाहा. मजुरी हजार विड्यांवर मिळते. तुमची पाऊण तासाची मुलाखत म्हणजे तिच्या तेवढ्या विड्या बुडाल्या. ती भरपाई खर्चाच्या तक्त्यात आधीच धरा. विड्या द्यायला निघायच्या घाईत तर कुणालाच अडवू नका.

कुणामार्फत जायचं? कारखान्यामार्फत नको. खोकला आहे म्हटलं तर काम जाईल या भीतीने खरं उत्तर येणार नाही. युनियनला टाळूही नका. याच बायकांनी संघटनेच्या बळावर कुंभारीला १०,००० घरांचं गोदूताई परुळेकर घरकुल उभं केलंय. त्यांना निर्णय घेता येतात. युनियन, बचत गट, आशाताई या सगळ्यांना एकत्र बसवा आणि विचारा, "तुम्हाला काय जाणून घ्यायचंय?" तुम्ही फुप्फुसं धरून बसलात, त्या कदाचित मान, कंबर, डोळे म्हणतील. तो प्रश्न प्रश्नावलीत आला पाहिजे, शेपटाला नव्हे, वरच्या पानावर.

विद्यापीठाच्या बाजूची अडचण वेगळी आहे. आपलं अहिल्यादेवी होळकर विद्यापीठ २००४ चं, एका जिल्ह्यापुरतं. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मात्र नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी जोडलेलं. म्हणजे संख्याशास्त्र आणि समाजशास्त्र एका विद्यापीठाकडे, डॉक्टर दुसऱ्याकडे. नैतिक समितीची मंजुरी कोण घेणार, तपासणीत आजार निघालेल्या बाईला कोणत्या ओपीडीत कोण नेणार, माहिती कुणाच्या ताब्यात राहणार, हे लेखी करून घ्या. त्या करारावर वस्तीतल्या दोघींची तरी सही असू द्या.

सहा महिने आहेत म्हणालात. त्यातले शेवटचे दोन निकाल घरोघर सांगण्यासाठी राखून ठेवा, आणि प्रस्तावात तसं आत्ताच लिहा. मागाहून त्यासाठी ना पैसे उरतात, ना माणसं. आणि हो, पहिल्या बैठकीला तेलुगू बोलणारं कुणी हवं असेल तर कळवा, मी येईन.